एक सेंटिमीटर पाणी

धुराचा डिटेक्टर झाकायला वॉचमन आला तेव्हा मनोरमाबाईंचे चौसष्ट दिवे वळून झाले होते. कणीक हळद घालून मळलेली होती आणि फॅनखाली लवकर सुकत होती, म्हणून त्या दर दिव्याला पाण्याचं बोट लावत होत्या. सतरा दिवे राहिले होते.

वॉचमन शिडीवर चढला. छतावरच्या गोल डब्याला त्याने पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी बसवली आणि भोवती चिकटपट्टी फिरवली.

"अम्मा, पूजा खलास होते ही बताना. ये निकालना पड़ेगा. चेकिंगवाला आया तो मेरी नौकरी जाएगी."

"सांगते रे बाबा. विसरणार नाही," मनोरमाबाई मराठीत म्हणाल्या. आखातातल्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीच्या या इमारतीत आठ वर्षं त्या दोघांचं असंच चाललं होतं, आणि अजून तरी काही बिघडलं नव्हतं.

एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण व्हायचं होतं. अक्षय्य तृतीया ईदच्या सुट्टीला लागून आली, म्हणून थोरल्या मुलाने, दत्तप्रसादने, वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी जानेवारीतच हॉल ठरवला होता. साठ पानं सांगितली होती. हॉल सोमवारी रद्द झाला. विधी रद्द करू द्यायला मात्र मनोरमाबाई तयार झाल्या नाहीत.

"पण आई, बरं दिसतं का?" त्यांची थोरली सून विनिता वाती वळता वळता म्हणाली. "सुयशभाऊजी तिकडे गोळीबारात आणि आपण इकडे ओवाळतोय."

"कुणाला दिसणार आहे? आपणच तर आहोत सात..." त्या थांबल्या. "सहा जण."

विनिताने वात पुन्हा उलगडली आणि पुन्हा वळली.

"ठरलेला विधी मोडला की का मोडला ते बोलावं लागतं," मनोरमाबाई म्हणाल्या. "ते मला बोलायचं नाही. गुरुजी चारला येतील. जेबेल अलीहून येतात, त्यांना उशीर झाला तर साडेचार. वाती तुपात भिजव."

खार्टूममध्ये लढाई सुरू होऊन आठवा दिवस होता. मागच्या शनिवारी सकाळी लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर उलटले आणि शहराच्या मधोमध, विमानतळापासून सुरुवात झाली. मनोरमाबाईंचा धाकटा मुलगा सुयश विमानतळाजवळच्या अमारात भागात दुसऱ्या मजल्यावर एकटा राहत होता. दीड वर्षापूर्वी तो तिथे पाण्याचे पंप बसवायच्या कामावर गेला होता. आता नळाला पाणी नव्हतं, वीज नव्हती, आणि गच्चीवर पाचशे लिटरची एक टाकी होती.

त्याच्याकडून रोज संध्याकाळी सहाला एक आकडा यायचा. टाकीत काठी बुडवून मोजलेली पाण्याची उंची, सेंटिमीटरमध्ये. आणखी काही नाही. ही पद्धत धाकट्या सुनेने, अनुराधाने, घालून दिली होती. पहिला दीड दिवस सगळेच त्याला निरोप, व्हिडिओ, बातम्या पाठवत होते. ते उतरवून घेण्यातच त्याचा फोन संपत होता, आणि चार्ज करायला खाली गाडीपर्यंत जावं लागत होतं. गाडी रस्त्यावर होती. तेव्हा अनुराधाने सांगितलं, की यापुढे एकाच फोनवरून, दिवसातून एकदा, फक्त अक्षरं जातील. आवाज नाही, चित्र नाही. नेटवर्क कितीही वाईट असलं तरी एक आकडा पार होतो.

मनोरमाबाईंना ते क्रूर वाटलं होतं. मग रविवारी संध्याकाळी सहाला "७१" आला आणि त्यांना मुलगा भेटल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यांनी तक्रार केली नव्हती.

पासष्टावा दिवा त्यांनी परातीत ठेवला. त्याच वेळी आतल्या खोलीतून अनुराधाची हाक आली. हाक मोठी नव्हती. पण सहा वाजायला अजून सहा तास होते, आणि अनुराधा विनाकारण हाक मारणारी नव्हती.

*

दत्तप्रसादने निरोप तीनदा वाचला आणि मग मोठ्याने वाचला.

"आज बस आहे, पोर्ट सुदानला. इथल्या बारा वाजता, गल्लीच्या टोकापासून. एक जागा ठेवली आहे. गुरुवारची सोडली होती. फोन १४%. सगळे वेगवेगळं सांगू नका. सगळ्यांचं मिळून एक उत्तर द्या. अकराला फोन पुन्हा चालू करतो."

"त्यांचे बारा म्हणजे आपले दोन," अनुराधा म्हणाली. "त्यांचे अकरा म्हणजे एक. एकपर्यंत उत्तर गेलं पाहिजे." तिच्या डाव्या मनगटावर दोन घड्याळं होती. दुसरं दोन तास मागे होतं.

अकरा पन्नास झाले होते.

"फोन लाव ना," विनिता म्हणाली. "बोटिम ॲपवर लाव, साध्या लाइनवर लाव."

"बंद करून ठेवलाय त्याने. एकला चालू होईल."

"यात डिस्कस काय करायचंय?" दत्तप्रसाद म्हणाला. "निघायचं. पोर्ट सुदान गाठलं की समुद्र आहे, जहाज मिळेल, सगळ्या एम्बसीज तिकडेच मूव्ह होतायत. मी काल तीन लोकांशी बोललोय." गेल्या आठ दिवसांत त्याने एक्सेलची शीट केली होती, त्यात सत्तेचाळीस नंबर होते, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकापुढे 'इन्शाल्ला म्हणाला' किंवा 'उचलला नाही' यांपैकी काहीतरी लिहिलेलं होतं. ती शीट कुणाच्याही उपयोगाची नव्हती हे त्याला ठाऊक होतं. पण ती बंद केली की दुसरं आठवायचं.

सुयश आठ तारखेलाच येणार होता. सहा महिने बाहेर राहिलं की इथला व्हिसा जातो, म्हणून दर पाच-साडेपाच महिन्यांनी तो दोन दिवस येऊन एंट्री मारून जायचा. दत्तप्रसादनेच एजंटला सांगून ते तिकीट एकोणीसवर नेलं. एका फेरीत दोन्ही होईल, एंट्रीही आणि बाबांचं सहस्रचंद्रही, रजा वाचेल. इथली सगळीच माणसं असाच विचार करतात. कुणी त्याला अजून दोष दिला नव्हता. विनितानेही नाही, आणि ती एरवी बेसिनमधल्या कपावरून बोलायची.

"आठशे किलोमीटर रस्ता आहे, दत्ता." बाबा सोफ्याच्या टोकाशी बसले होते. नवं धोतर आज नेसायचं म्हणून ते घडी घालून शेजारी ठेवलेलं होतं. "रस्त्यात कोण उभं आहे तुला माहीत आहे का? घाबरून पळतात ते रस्त्यात मरतात. घरात पाणी आहे, चार भिंती आहेत. थांबायचं. मी कुवेतमध्ये..."

"बाबा, ते नव्वद साल होतं."

"भिंती त्याच असतात."

"मला बाबांचं पटतं," विनिता म्हणाली. दत्तप्रसादने वळून तिच्याकडे पाहिलं. "काय? रस्त्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही. घरात काय आहे ते निदान माहीत आहे. रोज आकडा येतोय. अनुराधाच म्हणाली ना काल, सत्तावीस-अठ्ठावीस दिवस पुरेल म्हणून. तोवर काहीतरी होईल की."

"काहीतरी म्हणजे?"

"ते तुमच्या शीटमध्ये बघा."

आईने पदराला कणकेचे हात पुसले. अनुराधा फोन उपडा ठेवून बसली होती. दत्तप्रसादने मनात मोजलं. दोन एकीकडे, एक दुसरीकडे, दोघींचं तोंड बंद.

"थांबा," तो म्हणाला. "गुरुवारची सोडली, म्हणजे? गुरुवारी बस होती? ती का सोडली त्याने? मी सोमवारपासून सांगतोय, चान्स मिळाला की निघ. अनुराधा, तू तेच पाठवलंस ना?"

"पाठवलं. 'मिळेल त्या गाडीने निघ.' बुधवारी, सहा वाजून दोन मिनिटांनी."

"मग?"

कोपऱ्यात इरा आजीचा टॅब घेऊन बसली होती. अनुराधाची मुलगी, अकरा वर्षांची. आठ दिवसांत तिने वडिलांबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

"आजोबांनी व्हॉइस नोट पाठवली होती," ती म्हणाली. "आजीच्या टॅबवरून. वेन्सडे. आजोबांना बटन होल्ड करता येत नव्हतं, सो आय प्रेस्ड इट."

इराने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं.

"वॉज आय नॉट सपोज्ड टू?"

"तुझी काही चूक नाही, बाळा," विनिता पटकन म्हणाली. "लाव बघू."

टॅबमधून बाबांचा आवाज आला. एक मिनिट बारा सेकंद. सावकाश, खणखणीत, दर दोन ऑगस्टला कुवेतची गोष्ट सांगताना लागायचा तोच आवाज. "सुयश, बाबा बोलतोय. जागा सोडू नकोस. हे सगळे घाबरलेले आहेत, यांचं ऐकू नकोस. मी यातून गेलोय..."

दत्तप्रसादने टॅब घेऊन बंद केला.

"आम्ही गाढव आहोत का?" तो म्हणाला. "एकाच फोनवरून पाठवायचं ठरलं होतं, बाबा. तुमच्यासमोर ठरलं होतं! गुरुवारी तो बसमध्ये असता. शुक्रवारी पोर्टला असता. आज इथे, या सोफ्यावर!"

"मी त्याचा बाप आहे."

"म्हणूनच तर ऐकलं ना त्यानं!"

विनिता उठून उभी राहिली. "मी माझं मत बदलते," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे न बघता तिने पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला.

*

मनोरमाबाईंना ग्लास दिसला, आणि तो कुणीच उचलला नाही हेही दिसलं. आपला नवरा एकाएकी लहान झाला आहे, असं त्यांना वाटलं. एरवी त्या अशा वेळी चहा टाकायला उठत.

"मी पंचवीस दिवस घरात थांबलो," वासुदेवराव म्हणत होते. "कुवेतला, साल्मियात, सैन्य दारापर्यंत आलं होतं. टब भरून ठेवले, खिडक्यांना कागद लावले. डोकं थंड ठेवलं, म्हणून ही आणि सुयश जगले. आणि योग्य वेळ आली तेव्हा निघालो."

"योग्य वेळ कुणी ठरवली?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"अगं..."

"मी विचारते आहे. दत्ता तेव्हा डोंबिवलीला शाळेत होता, त्याला माहीत नाही. या दोघी नंतर आल्या. सुयश सहा वर्षांचा होता. तुम्ही सांगता तेच सगळ्यांना माहीत आहे."

"मनोरमा, आत्ता हे कशाला?"

"आत्ताच. एकला उत्तर जायचं आहे." त्या दत्तप्रसादकडे वळल्या. "बस तीनला होती. बगदादवरून अम्मानला नेणारी. खाली हॉर्न वाजवत होता ड्रायव्हर. हे जिन्यात उभे. म्हणत होते, आज नको, उद्या. काल पण उद्याच म्हणाले होते. मग मी बॅग उचलली, सुयशला काखोटीला मारलं आणि बसमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरला म्हटलं, चला. बस सुरू झाली तेव्हा हे धावत आले."

"दोन वेगळ्या चपला घालून," विनिता नकळत म्हणाली. त्या चपलांवर या घरात तीस वर्षं हसणं झालं होतं.

"हो. त्या म्हणूनच."

फॅनचा आवाज येत होता. परातीतला एक दिवा काठाशी चिरला होता. मनोरमाबाईंनी त्याला बोट लावलं, पण चीर मिटली नाही.

"सांगायचंच तर सगळं सांग," वासुदेवराव हळू म्हणाले. "मी जिन्यात का उभा होतो तेही सांग."

त्या चिरलेला दिवा पुन्हा दाबत राहिल्या.

"हिला नाही सांगता येणार. मी सांगतो. कृष्णाबाई होती. मालवणकडची. एका कुवेती घरात कामाला होती, आणि दुपारी आमच्याकडे सुयशला सांभाळायची. तिचा पासपोर्ट मालकाकडे होता, फहाहीलला. तो आणायला ती आदल्या दिवशी सकाळी गेली. जाताना म्हणाली, दादा, सांजपर्यंत येतंय, माका सोडून जाव नकात." त्यांनी चष्मा काढला. "तिच्यासाठी थांबलो होतो. पंचवीस दिवस नाही, शेवटचे दोन दिवस. त्याआधी कुठे जायला गाडीच नव्हती. डोकं थंड वगैरे काही नव्हतं. पुढे सांगताना कृष्णाबाई गाळली, आणि मग नुसतंच थांबणं उरलं. त्याचंच धोरण झालं."

"ती आली का?" इराने विचारलं. मराठीत विचारलं.

"माहीत नाही, बाळा. आम्ही तीनला निघालो. मुंबईला आल्यावर मालवणला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही."

"मी तिला सोडून आले," मनोरमाबाई म्हणाल्या. "यांनी मला तेहेतीस वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही. आणि ती गोष्ट सांगायला लागले की मी उठून चहा टाकते." त्यांनी मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. "मी पुन्हा तेच करीन. सुयशला लिहा, निघ म्हणावं."

दत्तप्रसादने मान हलवली. विनितानेही.

"बाबा?"

वासुदेवरावांनी घडी घातलेल्या धोतरावर हात फिरवला. "म्हणजे मला थांबण्यातलं काहीच कळत नाही," ते म्हणाले. "निघ म्हणा."

बारा पस्तीस झाले होते. सगळे अनुराधाकडे बघत होते.

"मी लिहिते," ती म्हणाली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली.

*

बाल्कनीत ऊन होतं. समोरच्या टॉवरच्या काचा चकाकत होत्या. अनुराधाने सोबत वही घेतली होती. ती उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात बाटलीबंद पाण्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होती. रोज दोन तास गाडी चालवून ती लोकांसाठी पाणी तपासायला जायची. वही तिथलीच होती, चौकटींची.

पानावर सहा ओळी होत्या.

रविवार ७१. सोमवार ६९. मंगळवार ६७. बुधवार ६३. गुरुवार ५९. शुक्रवार ५५.

टाकीचा व्यास त्याने पहिल्याच दिवशी कळवला होता. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेसहा लिटर. एका माणसाला पिणं, थोडा स्वयंपाक आणि अंग पुसणं धरून दिवसाला दोन सेंटिमीटर पुरतात. हे तिने स्वतः मांडून दिलं होतं आणि तीन दिवस तो काटेकोर तसा वागला. बुधवारपासून उतार चारवर गेला. गळती असती तर रात्रीतून एकदम पडला असता, किंवा दर दिवशी थोडा बदलला असता. तीन दिवस बरोबर चार, म्हणजे कुणीतरी मापून घेत होतं. अजून एक माणूस.

कोण, हे शोधायला तिला वेळ लागला नव्हता. तळमजल्यावर सित्त नफीसा, म्हणजे नफीसाबाई, राहायच्या. सुयशची घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांमुळे जिना न चढू शकणारी. मुलगे नदीपलीकडे ओमदुरमानला, आणि पूल बंद. सुट्टीच्या दिवशी त्या सुयशला उकडलेल्या घेवड्याची वाटी पाठवायच्या, त्याबद्दल तो फोनवर म्हणायचा, "आपल्या वालांची सर नाही, पण तसं सांगायची सोय नाही." खालची टाकी मंगळवारी संपली असणार. त्या दिवसापासून तो वरून पाणी नेत होता.

गुरुवारी तो बाबांच्या निरोपामुळे थांबला नव्हता. ज्या माणसाने चाळीशीला येईपर्यंत बापाच्या सांगण्यावरून एक पंपही विकत घेतला नव्हता, तो एक मिनिट बारा सेकंदांच्या आवाजासाठी बस सोडणार नव्हता.

पाणी दोघांत जातंय, हा अंदाज तिला बुधवारी रात्रीच आला होता. घरात मात्र ती रोज दोननेच भागून हिशेब सांगत होती. चारने भागून सांगितला असता तर चार का, असं कुणीतरी विचारलं असतं.

सरकता दरवाजा उघडला. वासुदेवराव चौकटीत उभे होते.

"पाठवलंस?"

"अजून नाही, बाबा. एकला फोन चालू होईल."

ते रेलिंगला धरून उभे राहिले. खाली रस्त्यावर ईदचे नवे कपडे घातलेली एक मुलगी आईचा हात सोडवून घेत होती.

"माझ्यामुळे राहिला ना तो?"

तिला नाही म्हणता आलं असतं. तीन वाक्यांचं काम होतं. पण ती तीन वाक्यं बाबांनी आत नेली असती, आणि खोलीत पुन्हा कृष्णाबाई उभी राहिली असती. अशाच एकीला मागे सोडून ये, असं सुयशला सांगायला बाबा तयार झाले नसते. आईंचं धैर्य संपलं असतं. पंचवीस मिनिटांत सगळ्यांचं एक उत्तर झालं नसतं. बाबांना अपराधी राहू दिलं तर उत्तर तयार होतं.

"आता तो विचार नको करू," ती म्हणाली. एरवी ती त्यांना अहोजाहो करायची. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

ते आत गेले. तिने लिहिलं: सगळ्यांचं एकच उत्तर. निघ. मग खाली लिहिलं: सित्त नफीसांना. शब्दापुढे कर्सर लुकलुकत राहिला. एकच जागा होती. तिने विचारलं तर तो सांगेल, आणि सांगितलं तर आपण त्यांना मागे सोडून येतोय हे त्यालाही ऐकावं लागेल. जोवर कुणी विचारत नाही तोवर तो निघू शकतो. तिने ते दोन शब्द पुसले, आणि त्या जागी लिहिलं: बाबाही निघच म्हणतात.

बारा एकोणसाठला तिने बटन दाबलं. एक खूण आली. एक वाजून चार मिनिटांनी दुसरी आली. पाच मिनिटांनी दोन्ही निळ्या झाल्या.

उत्तर आलं नाही. चौदा टक्क्यांत ते अपेक्षितही नव्हतं.

*

दोन वाजता वासुदेवरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मनात बस सुरू केली. ते स्टोअरचे माणूस होते. बत्तीस वर्षं त्यांनी कोणता ट्रक कधी कुठे असेल हे कागदावर आधीच पाहिलं होतं. अडीचला शहराची हद्द. तीनला पहिलं नाकं.

दत्तप्रसाद त्यांच्याशेजारी येऊन बसला. "मी ओरडायला नको होतं," तो म्हणाला.

"तिकीट तू हलवलंस म्हणून ओरडलास," वासुदेवराव म्हणाले. "मला कळत होतं. हॉलची तारीख मी दिली होती."

दत्तप्रसादने तोंड फिरवलं.

गुरुजी सव्वाचारला आले. तिशीचे होते, कपाळावर ताजं गंध, गळ्यात ऑफिसच्या कार्डाची पट्टी काढायची राहिलेली. "सॉरी, पार्किंगच मिळेना," म्हणाले, आणि घरातले चेहरे बघून लगेच पूजा मांडायला बसले. संकल्प सांगताना त्यांनी कुटुंबातल्या माणसांची नावं विचारली. मनोरमाबाईंनी सगळी सांगितली. सुयशचं नाव दोनदा सांगितलं.

मग त्यांनी आणि विनिताने मिळून दिवे लावले. खोलीतले लाइट इराने बंद केले. परात जड होती, दोघींनी धरली. एक्क्याऐंशी ज्योतींच्या उष्णतेने वासुदेवरावांच्या चष्म्यावर धुकं आलं, आणि पलीकडची बायको त्यांना दिसेनाशी झाली. नव्या धोतरात आपल्या पायांना थंडी वाजते आहे हे त्यांना विचित्र वाटलं. वर, प्लॅस्टिकच्या टोपीखाली, डिटेक्टरचा तांबडा ठिपका लुकलुकत होता.

"नमस्कार करा आजोबांना," गुरुजी म्हणाले. इरा वाकली. उठताना तिने विचारलं, "बाबा आता कुठपर्यंत गेला असेल?"

"नदीच्या बरंच पुढे," वासुदेवराव म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. गेले काही तास ते रस्त्यावरच होते.

गुरुजी दक्षिणा घेऊन निघाले. वॉचमनला बोलवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. विनिताने पुरणपोळ्या गरम करायला घेतल्या, कारण काहीतरी करायला हवं होतं. दिवे एकेक करून तूप संपेल तसे विझत होते आणि जळक्या कणकेचा वास सुटला होता.

सहा वाजता अनुराधाचा फोन वाजला.

ती टेबलाशी बसली होती. तिने तो लगेच उचलला नाही. आधी मनगटाकडे पाहिलं, दुसऱ्या घड्याळाकडे. तिथे चार वाजले होते. मग फोन सरळ केला.

"पोचला का?" मनोरमाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "कुठे पोचला?"

"काय लिहिलंय?" दत्तप्रसाद उठला होता.

अनुराधाने फोन त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर दोन अंक होते.

५१.

"म्हणजे?" विनिताने विचारलं. "म्हणजे काय? बसमधून...?"

"बसमधून टाकी मोजता येत नाही, ताई."

मनोरमाबाई खाली बसल्या. दारातच, जमिनीवर. हातातलं उलथनं त्यांनी मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

वासुदेवराव फोनकडे बघत होते. अंकांवर डिटेक्टरचा तांबडा ठिपका उमटत होता आणि जात होता. काल पंचावन्न होते, हे त्यांना पाठ होतं. परवा एकोणसाठ. त्यांनी उभ्या जन्मात स्टॉक सोडून दुसरं काही मोजलं नव्हतं, आणि आत्ता पहिल्यांदा त्यांनी ती वजाबाकी केली.

"चार," ते म्हणाले. "एकट्याला चार लागतात?"

"नाही, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"खाली एक आजी राहतात," अनुराधा म्हणाली. "त्यांना जिना चढता येत नाही. गुरुवारी तो तुमच्या निरोपामुळे थांबला नव्हता. पाणी दोघांत जातंय हे मला बुधवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या वहीवर ठेवला, पान झाकलं जाईल असा. तिला वाटलं, ते वही ओढून घेणार. पण त्यांनी नुसता हात ठेवला आणि मग काढून घेतला.

अनुराधाने सातवी ओळ लिहिली. शनिवार, ५१. रोज ती त्याखाली आडवी रेघ मारून दोनने भागायची आणि आलेला आकडा सगळ्यांना वाचून दाखवायची. तिने रेघ मारली.

चारने भागलं. बारा दिवस आणि थोडं.

"बारा," ती मोठ्याने म्हणाली.